कोलचेस्टरच्या गल्लीखालचा रोमन रस्ता ओळखतात तरी कसा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘आम्ही अलीकडेच इंग्लंडमध्ये कोलचेस्टरला राहायला आलो. गल्लीत पाण्याची पाइपलाइन बदलायचं काम चालू आहे आणि चराशेजारी पुरातत्त्वाची माणसं उभी असतात. त्यांतल्या एकानं चराच्या कडेला दिसणाऱ्या खडीच्या पट्ट्याकडे बोट दाखवून “हा रोमन रस्ता” म्हणून सांगितलं. मला ती साधी खडी दिसली. इतक्या खात्रीनं हे कसं सांगता येतं? आज जिथे रस्ता आहे तिथेच तेव्हाही होता का? आणि खाली अख्खं शहर असेल तर ते उकरून का काढत नाहीत?’

मी इंग्लंडमधल्या जुन्या शहरांत, बांधकाम सुरू होण्यापूर्वीच्या उत्खननांवर बरीच वर्षं काम करते आहे. अशा चरांशेजारी उभं राहणं हा त्या कामाचा मोठा भाग असतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

खडीला वय नसतं. रोमन रस्त्याची मूठभर खडी आणि मागच्या शतकातली मूठभर खडी समोर ठेवली तर कुठली कोणती हे मलाही सांगता येणार नाही. रस्ता ठरतो तो खडी कशी बसवली आहे, तिच्या खाली काय आहे, वर काय आहे आणि दोन्ही बाजूंना काय आहे यावरून. जमिनीखालच्या शहराचा सगळा पुरावा अशा शेजारसंबंधांचा असतो. सुट्या वस्तू बऱ्याच नंतर येतात.

कोलचेस्टरमध्ये अडचण आणखी एक आहे. ज्या टेकाडावर हे शहर वसलं ते मुळातच वाळू आणि गोट्यांचं आहे. म्हणजे रोमन रस्त्याखालीही खडीच, फक्त ती निसर्गानं टाकलेली. नवख्या माणसाची इथे हमखास फसगत होते. फरक बघायचा तो असा: नैसर्गिक थर स्वच्छ असतो, त्यात कोळशाचा कण, कौलाचा तुकडा, भांड्याची खापरी काही सापडत नाही. माणसानं टाकलेल्या खडीत हे सगळं थोडंथोडं मिसळलेलं असतं, आणि ती इतकी घट्ट धुमसलेली असते की तिच्यावर टिकाव मारला तर हाताला झिणझिण्या येतात. वरचे गोटे चाकांनी आणि पावलांनी झिजून सपाट झालेले असतात. कधी कधी चाकोऱ्याही दिसतात. रस्त्याचा आडवा छेद मिळाला तर मध्ये उंचवटा आणि दोन्ही कडांना उतार, आणि उताराच्या टोकाला पाणी वाहून नेणारं गटार. त्या गटारात साठलेला बारीक गाळ हा माझ्या दृष्टीनं सगळ्यांत बोलका पुरावा आहे, कारण तिथून पाणी खरोखर वाहिलं होतं हे तो दाखवतो. नुसत्या खडी पसरलेल्या अंगणाला असं गटार नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. वापरातला रस्ता एकदाच करून भागत नाही. खड्डे पडतात, चिखल साठतो, मग त्यावर नवी खडी टाकून पुन्हा धुमसतात. त्यामुळे रोमन रस्ता छेदात एका पट्ट्यासारखा दिसत नाही. खडीचा थर, त्यावर बोटभर काळपट चिखल, पुन्हा खडी, पुन्हा चिखल, असा तो वर वर चढत जातो. शेजारच्या घरांची जमीनही त्याच्याबरोबर उंचावत जाते. तुमच्या गल्लीतल्या त्या माणसानं बोट दाखवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा हाच चढता क्रम होता. पुढच्या वेळी तिथून जाताना खडीच्या पट्ट्यांमधल्या त्या काळ्या रेषा मोजून बघा.

तिसरी गोष्ट चराच्या बाहेर, नकाशावर असते. इ. स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या सैन्यानं ब्रिटनवर स्वारी केली. स्थानिक सत्तेचं मोठं केंद्र असलेल्या कॅम्युलोडुनमला, म्हणजे आजच्या कोलचेस्टरला, त्यांनी विसाव्या लीजनची, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या दलाची, छावणी उभारली. ४९ च्या सुमारास लीजन पुढच्या मोहिमेवर गेली आणि छावणीच्या जागी निवृत्त सैनिकांची वसाहत झाली. छावणीचे रस्ते काटकोनात आखलेले होते. वसाहतीनं त्यांतले काही तसेच ठेवले आणि पूर्वेकडे नवे आखले. अशा आखणीचा फायदा आम्हाला आजही होतो. एका तळघरात दोन मीटर रस्ता सापडला, तिथून दीडशे मीटरवर गॅसच्या चरात आणखी एक तुकडा सापडला आणि दोन्हींची दिशा तंतोतंत जुळली, की मधली रेघ नकाशावर तुटक ओढता येते. पुढचा प्रत्येक चर त्या रेघेची परीक्षा घेतो. एकोणिसाव्या शतकापासून अशा बारीकसारीक नोंदी जमत आल्या आहेत, म्हणून कोलचेस्टरच्या रोमन रस्त्यांचा आणि त्यांच्यामधल्या चौकांचा नकाशा आज बराच भरवशाचा आहे. तो माणूस खात्रीनं बोलला त्यामागे अशा शेकडो नोंदींचं बळ आहे.

आता काळाबद्दल. रस्त्याच्या सगळ्यांत खालच्या थराखाली, त्यानं पूर्ण झाकलेल्या मातीत एखादं नाणं मिळालं, तर रस्ता त्या नाण्यानंतरचा एवढं पक्कं होतं. किती नंतरचा ते नाणं सांगत नाही. त्यासाठी खापऱ्या लागतात. गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून येणारी लाल, तकतकीत सेमियन भांडी इथे फार उपयोगी पडतात, कारण त्यांचे घाट आणि नक्षी सतत बदलत गेली आणि अनेक भांड्यांवर कुंभाराच्या नावाचा शिक्काही असतो. पण नाणी आणि खापऱ्या थरांत नीट बंदिस्त असल्या तरच बोलतात. बाराव्या शतकातल्या कचऱ्याच्या खड्ड्यात पहिल्या शतकातली खापरी अगदी सहज सापडते: खड्डा खणणाऱ्यानं खालचं वर आणलेलं असतं.

कोलचेस्टरला या बाबतीत एक विलक्षण सोय आहे, आणि ती एका भयंकर घटनेनं झालेली आहे. इ. स. ६० किंवा ६१ मध्ये आयसिनी जमातीची राणी बूडिका हिनं उठाव केला आणि सगळ्यांत आधी हेच शहर जाळलं. जमिनी हिसकावणारे निवृत्त सैनिक आणि क्लॉडियसच्या नावानं उभारलेलं प्रचंड देऊळ यांच्यावर स्थानिकांचा राग होता, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. शहराला तटबंदी नव्हती हेही तोच सांगतो, आणि जमीन त्याला दुजोरा देते: छावणीचा खंदक बुजवून त्याच्यावर वसाहतीची घरं बांधलेली उत्खननात दिसली. या आगीचा तांबडा-काळा थर शहराच्या मध्यभागात खूप ठिकाणी लागतो, काही जागी अर्धा मीटर जाडीचा. जळिताचा हा थर एकदा ओळखू आला की त्याच्या खालचं सगळं ६१ पूर्वीचं आणि वरचं नंतरचं. सगळ्या ब्रिटनमध्ये इतकी स्वच्छ काळरेषा लंडन आणि सेंट ऑल्बन्स सोडले तर क्वचितच मिळते, आणि ती दोन्ही शहरंही त्याच उठावात जळाली होती.

याच थरामुळे इमारतींचा पुरावाही टिकला. लोकांच्या डोळ्यांसमोर रोमन इमारत म्हटलं की संगमरवरी खांब येतात. पहिल्या शतकातलं कोलचेस्टर बरंचसं मातीचं होतं. कुडाच्या भिंती, मातीच्या कच्च्या विटा, खाली दगड-चुन्याचं बुटकं जोतं, वर गिलावा. अशी भिंत पडली की पावसात विरघळून मातीत मिसळते आणि सापडली तरी पिवळसर डागाखेरीज काही दिसत नाही. पण आगीनं या भिंती भट्टीतल्या विटांसारख्या भाजून निघाल्या. १९७१ ते १९७४ मध्ये लायन वॉकला आणि १९८१ ते १९८५ मध्ये कल्व्हर स्ट्रीटला, दुकानांचे मोठे प्रकल्प उभे राहण्याआधी उत्खननं झाली. त्यांत अशा भिंती जागच्या जागी मिळाल्या. कुडाच्या काठ्या जळून गेल्या तरी त्यांच्या पोकळ्या भाजलेल्या मातीत तशाच होत्या. एका खोलीत तर कोळसा झालेली गादी मिळाली. खजूरही मिळाले, इथल्या हवेत कधीच न पिकणारे, समुद्रापलीकडून आणलेले. शहर त्या वेळी जेमतेम दहा-बारा वर्षांचं होतं. या खोल्यांतल्या काही मुळात सैनिकांच्या बराकी होत्या आणि लीजन गेल्यावर त्यांतच वसाहतीतल्या लोकांनी बिऱ्हाडं थाटली होती, हेही भिंतींच्या मांडणीवरून कळलं. २०१४ मध्ये हाय स्ट्रीटवरच्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या नूतनीकरणाआधी उत्खनन झालं, तेव्हा जळिताखालच्या जमिनीत पुरलेले सोन्या-चांदीचे दागिने हाती आले. ते पुरणारं माणूस परत आलं नाही, एवढं ती जागा स्पष्ट सांगते. आजही त्या दागिन्यांच्या कपाटासमोर उभी राहिले की मला दागिन्यांपेक्षा घाईघाईत खणलेला तो लहानसा खड्डाच आठवतो.

उठावानंतर शहर पुन्हा उभं राहिलं. साधारण ६५ ते ८० च्या दरम्यान सुमारे २.८ किलोमीटर लांबीची तटबंदी झाली, हळूहळू दगडी पायाची मोठी घरं आली, मोझॅकच्या फरश्या आल्या, विटांच्या बुटक्या खांबांवर फरशी उचलून खालून गरम हवा फिरवायची सोय आली. गंमत अशी की ही भक्कम घरं ओळखणं त्या कुडाच्या घरांपेक्षा अवघड जातं, कारण त्यांचे दगड जाग्यावर राहिलेच नाहीत. कोलचेस्टरच्या आसपास बांधकामाचा चांगला दगड नाही. एसेक्सच्या किनाऱ्यावरून सेप्टारिया नावाचा चिकणमातीतला दगडी गोळा आणावा लागे. त्यामुळे पुढच्या शतकांत ज्याला बांधायचं होतं त्यानं रोमन पाये उपसले. होली ट्रिनिटी चर्चचा सॅक्सन, म्हणजे रोमनांनंतरच्या आणि नॉर्मनांआधीच्या काळातला मनोरा, सेंट बोटॉल्फ मठाचे अवशेष, नॉर्मन किल्ला, कुठेही बघा, लालभडक रोमन विटा भिंतीत बसलेल्या दिसतात.

मग भिंत ओळखायची कशी? पाया उपसताना खणलेला चर नंतर चुन्याच्या चुऱ्यानं, फुटक्या कौलांनी, सैल मातीनं भरला जातो. शेकडो वर्षांनी आम्ही खणतो तेव्हा घट्ट मातीत सरळ, एकसारख्या रुंदीचा सैल पट्टा लागतो. एका बाजूला फरशीचा थर बरोबर त्याच्या कडेला येऊन थांबतो, दुसऱ्या बाजूला अंगण किंवा रस्ता. तिथे भिंत होती. दगड एकही नसला तरी तिची जाडी, दिशा, कोपरा सगळं मोजता येतं. माझ्या मते शहरी पुरातत्त्वातलं खरं कौशल्य हे आहे, आणि ते थापी हातात धरून, मातीचा बदलता कस बोटांना जाणवेपर्यंत खरवडूनच येतं. रडारच्या लहरी सोडणारी यंत्रं मोकळ्या शेतात फार छान काम करतात. पाइप, केबल आणि पाडलेल्या तळघरांनी भरलेल्या शहरी जमिनीत त्यांच्यावर फार विसंबता येत नाही.

उपसलेल्या पायांवरून इमारत ओळखण्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण २००४ मधलं आहे. शहराच्या दक्षिणेला लष्कराच्या जुन्या जागेवर घरबांधणी होणार होती. तिथल्या उत्खननांत उपसलेल्या पायांचे समांतर पट्टे लागत गेले, एकमेकांपासून खूप लांब अंतरावर. तुकडे नकाशावर जोडल्यावर जवळजवळ साडेचारशे मीटर लांबीची आकृती उभी राहिली: रथांच्या शर्यतीचं मैदान, ज्याला रोमन लोक सर्कस म्हणत. ब्रिटनमध्ये अशी दुसरी अजून सापडलेली नाही. भव्य अवशेष म्हणावा असा तिथे जवळजवळ काही नव्हता, तरी निष्कर्षाबद्दल शंका उरली नाही.

हेच उलट बाजूनंही लक्षात ठेवावं. रोमन वस्तू मिळाली म्हणून तिथे रोमन इमारत होती असं होत नाही. आपल्याकडे नेवासे आणि तेर इथे रोमन जगातून आलेल्या अँफोरांचे, म्हणजे दारू-तेलाच्या रांजणांचे तुकडे मिळाले आहेत, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीवर समुद्रदेव पोसायडनची सुंदर कांस्यमूर्ती मिळाली. त्यावरून व्यापार सिद्ध होतो. त्या पांढरीच्या टेकाडांतली घरं आणि माणसं सातवाहन काळातली, इथलीच. अगदी तशाच रांजणाचा तुकडा कोलचेस्टरला भाजलेल्या जमिनीवर, जोत्याच्या आत, चुलीशेजारी मिळाला तर तो त्या घरातला म्हणता येतो. फरक तुकड्यात नाही, त्याच्या जागेत आहे. तुमच्या बागेत फावड्याला खापरी लागली तर ती वर आलेल्या मातीत होती की न हललेल्या थरात, हे पहिल्यांदा विचारा.

आजचा रस्ता म्हणजे रोमन रस्ता का, याचं उत्तर कोलचेस्टरपुरतं ‘थोडाफार’ असं आहे. हाय स्ट्रीट, हेड स्ट्रीट आणि नॉर्थ हिल यांच्या रेघा रोमन रेघांशी साधारण जुळतात. पण हाय स्ट्रीट पश्चिमेला जाऊन एकदम थांबतो, तिठ्यावर वळावं लागतं, आणि सरळ पुढे गेलं असतं तर जिथे पोचलो असतो ते बाल्कर्न गेट हे रोमन तटाचं दार मात्र रहदारीपासून बाजूला पडलेलं आहे. कारण रोमन काळातच, तिसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, ते दार बंद करण्यात आलं. लंडनकडची वाहतूक दक्षिणेच्या हेड गेटकडे वळली आणि रस्त्यानं दाराचा माग धरला. तटबंदी असलेल्या गावांत हे वारंवार दिसतं: तट पाडणं कठीण, म्हणून दारं टिकतात, आणि मधले रस्ते घरांच्या पडझडीतून, बाजारांतून वाट काढत सरकतात. कँटरबरीत आजच्या गल्ल्या रोमन आखणीशी फारशा जुळत नाहीत. विंचेस्टरचे सरळ रस्ते बघून ते रोमन वाटतात, पण ती आखणी सॅक्सन काळाच्या उत्तरार्धातली आहे. लिंकनमध्ये मात्र न्यूपोर्ट आर्च या रोमन कमानीखालून आजही गाड्या जातात. म्हणून सरळ रस्ता दिसला की तो रोमन, हा ठोकताळा सोडून द्यावा. जुळणी प्रत्येक वेळी खणूनच तपासावी लागते.

आता शेवटचा प्रश्न, सगळं उकरून का काढत नाहीत. उत्खनन म्हणजे थर एकेक करून काढून टाकणं. ज्या शेजारसंबंधांबद्दल मी इतकं लिहिलं ते काढताना नष्ट होतात आणि मागे उरते ती फक्त नोंद: मोजमापं, छेदांची रेखाटनं, फोटो, प्रत्येक थराचा स्वतंत्र कागद. कुठला थर कशावर आहे याचा तक्ता मांडायची जी पद्धत आज जगभर वापरतात ती पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये विंचेस्टरच्या नोंदींवर काम करताना तयार केली. त्याआधीच्या अनेक उत्खननांतून भिंती मिळाल्या, पण त्यांचा क्रम कायमचा हरवला. पन्नास वर्षांनी आमच्या नोंदीही अपुऱ्या वाटतील, म्हणून काही जमीन त्या लोकांसाठी राखून ठेवणं मला अगदी रास्त वाटतं. १९९० मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणात हीच भूमिका आली: शक्य तिथे अवशेष जागेवर ठेवा, पाया उथळ घ्या किंवा हलवा, ते शक्य नसेल तर बांधणाऱ्यानं स्वतःच्या खर्चानं नीट उत्खनन करून घ्यावं. तुमच्या गल्लीत चराशेजारी माणूस उभा आहे तो याच व्यवस्थेमुळे. शिवाय रोमन कोलचेस्टरच्या वर मध्ययुगीन कोलचेस्टरही आहे. खालचं बघायचं तर ते आधी काढावं लागेल, आणि ते कमी मोलाचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

खणल्याशिवाय बघायला इथे भरपूर आहे. बाल्कर्न गेटच्या कमानीतून चालत जाता येतं. रथांच्या मैदानात ज्या फाटकांतून रथ सुटत, ती जिथे होती ती जागा बघायला मिळते. आणि किल्ल्यात जाल तेव्हा तळातल्या कमानींचा फेरफटका नक्की घ्या: अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी हा अवाढव्य किल्ला क्लॉडियसच्या देवळाच्या जोत्यावर चढवला. १६८३ मध्ये किल्ला विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्यानं जोत्याच्या आतली भराव-वाळू उपसली, म्हणून आज आत उभं राहून रोमन चुन्याचं काम हातभर अंतरावरून दिसतं. हे जोतं देवळाचं आहे हे ओळखू आलं ते मात्र पहिल्या महायुद्धानंतर, पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या पाहणीत. त्याआधीही लोक ते रोज बघत होतेच.

बागेत काही मिळालं तर धुऊन घासू नका. जागा आणि खोली लिहून फोटो काढा आणि संग्रहालयात दाखवा. ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू असेल तर १९९६ च्या कायद्यानुसार १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांचीही चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवणं बंधनकारक आहे; सुटं एकच नाणं सहसा त्यात मोडत नाही, तरी तेही दाखवावं. चर बुजायच्या आत त्या माणसाला गटाराची कड दाखवायला सांगा. काम थांबवून का होईना, आमच्यातले बहुतेक जण आनंदानं दाखवतात.